मोदक नावाचा फॉन्ट आणि त्याच्या पोटातली फट

गेल्या भाद्रपदात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका करण्याचे काम माझ्याकडे आले. उत्सवाचे २५ वे वर्ष असल्यामुळे पत्रिका नेहमीप्रमाणे झेरॉक्सवर न काढता छापखान्यातून छापून घ्यायची, असे समितीने ठरवले होते, आणि मीही उत्साहाच्या भरात शीर्षकापासून आरतीच्या वेळांपर्यंत सगळीकडे ‘मोदक’ हा एकच फॉन्ट वापरून टाकला. गणपतीच्या पत्रिकेला मोदक, यात कल्पकता काहीच नव्हती. पण पडद्यावर ती गुटगुटीत अक्षरे इतकी प्रसन्न दिसत होती की मोह आवरला नाही. छापखान्यातून पहिला नमुना आला तेव्हा वरचे ‘गणपती आले’ हे मोठे शब्द सुरेख उठले होते, आणि खाली ‘महाप्रसाद’ या शब्दाच्या जागी तांबड्या शाईचे पाच गोळे ओळीने बसले होते. “ताई, यातलं पांढरं बुजलंय,” छापखान्याचे काका फोनवर म्हणाले. “कर्व्ह करून पाठवा नाहीतर कसंही पाठवा, एवढ्या बारीक आकारात ते बुजणारच.” (कर्व्ह करणे म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे चित्रासारख्या आकारांत रूपांतर करणे.)

काकांनी अक्षरांबद्दल नव्हे, तर अक्षरांतल्या पांढऱ्याबद्दल तक्रार केली, हे माझ्या मनात राहिले. त्यानंतर वर्षभर मी हा फॉन्ट वेगवेगळ्या कामांत वापरून पाहिला आणि त्याची सगळी गंमत, त्याचप्रमाणे त्याच्या सगळ्या खोड्या, त्या पांढऱ्यातच आहेत असे माझे मत झाले. त्याविषयी हे टिपण.

मोदक हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरसंच घडवणाऱ्या मंडळींचा फॉन्ट आहे. त्यातली देवनागरी आणि रोमन अक्षरे सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांच्या हातून घडली. त्याची सुरुवात हाताने कागदावर काढलेल्या अक्षरांपासून झाली, आणि ते मूळ अंगात मुरलेले दिसते: वळणे मऊ आहेत, कोपरे गोलावलेले आहेत, पट्टीने आखल्यासारखी रेघ कुठे सापडत नाही. देवनागरीतला हा बहुधा सर्वांत लठ्ठ अक्षरसंच, अशी त्याची ओळख त्याच्या कर्त्यांनीच करून दिली आहे, आणि ती अतिशयोक्ती वाटत नाही. नेहमीच्या जाड फॉन्टमध्ये काळी रेघ रुंद असते आणि तिच्या आजूबाजूला पांढरी मोकळी जागा उरते. मोदकात काळेच इतके फुगलेले आहे की ‘म’च्या गाठीत, ‘क’च्या दोन बाजूंच्या पोटात, ‘द’च्या वळणात जी मोकळी जागा असायची, तिची बारीकशी फट झाली आहे. डोळा ती फट वाचतो, आणि काळे आपोआप अक्षर होते. उकडीच्या मोदकाच्या कळ्या जशा पिठाच्या गोळ्यावर बोटांनी पाडलेल्या चुण्यांमुळे दिसतात, तसेच काहीसे. फॉन्टचे नाव किती नेमके आहे, हे मला ती उपमा सुचल्यावर उमगले.

आता देवनागरी अक्षर इतके जाड करणे हे वाटते तितके सोपे काम नाही. अक्षराला वजन द्यायचे तर ते दोनच दिशांना वाढू शकते: बाहेर, म्हणजे रुंदीकडे, किंवा आत, म्हणजे स्वतःच्या पोटातली मोकळी जागा खाऊन. बाहेर वाढण्याला आडव्या दिशेने फारशी हरकत नसते, शब्द लांब होतो इतकेच. परंतु उभ्या दिशेने देवनागरीत जागाच नाही. वर शिरोरेषा, तिच्याही वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, अशा तीन मजल्यांत ओळ बसवायची असते, आणि मधल्या मजल्यावर ‘ह’, ‘इ’, ‘झ’ अशी अक्षरे एकाखाली एक वळणे घेऊन उभी असतात. रोमनमध्येही तीन आडव्या दांड्यांचे कॅपिटल ‘ई’ अडचणीचे आहेच, पण इंग्रजीत त्याच्या डोक्यावर दुसरे काही येऊन बसत नाही. म्हणून देवनागरीचे बहुतेक ठळक अक्षरसंच आडव्या रेघा हळूच बारीक करतात आणि उभ्या दांड्यांत वजन भरतात. बोरूने लिहिलेल्या अक्षरांत जाड-बारीकपणाचा हा हिशेब बोरूच्या तिरक्या कापावरून आपोआप ठरतो. मोदकाने बोरूचा हिशेब बाजूला ठेवला आहे. कुठली रेघ कुठे फुगवायची आणि कुठे आखडायची, हे त्यात हत्यारापेक्षा नजरेने ठरवलेले आहे. रेघा एकमेकींवर चढतात आणि त्यांच्यामध्ये फक्त ती फट उरते.

एखादा शब्द असा काढणे वेगळे आणि असा फॉन्ट करणे वेगळे, हेही इथे सांगितले पाहिजे. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे ज्यांनी वर्तमानपत्रात पाहिली आहेत, त्यांना अक्षरलेखन म्हणजे काय हे वेगळे समजावायला नको. अक्षरलेखन करणाऱ्यासमोर एक ठरावीक शब्द असतो. त्या शब्दापुरती वेलांटी लांबवता येते, एखादी मात्रा शेजारच्या अक्षराच्या खांद्यावर टेकवता येते, नको तिथला उकार दुमडून ठेवता येतो. फॉन्ट करणाऱ्याला शेजारी कोण येणार हे ठाऊक नसते. त्याचा ‘र’ आज ‘घर’मध्ये ‘घ’च्या पाठीमागे उभा राहील, उद्या ‘रूप’मध्ये दीर्घ उकार पोटाशी घेईल आणि परवा ‘दऱ्या’मध्ये नुसता चंद्रकोरीएवढा होऊन ‘य’च्या अंगाला चिकटेल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीच्या विभागाला १२८ जागा आहेत, पण फॉन्टमध्ये प्रत्यक्ष काढावे लागणारे आकार त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे काही शेकडे असतात, कारण अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, रफाराच्या आणि वेलांटीच्या निरनिराळ्या रुंदी हे सगळे स्वतंत्रपणे रेखाटावे लागते. त्या प्रत्येक आकारात फट तेवढ्याच रुंदीची आणि काळे तेवढ्याच वजनाचे वाटले पाहिजे. एरवी ओळीत एखादे अक्षर भोकासारखे आणि दुसरे डागासारखे दिसू लागते. हाताने काढल्यासारखा दिसणारा फॉन्ट म्हणजे मोकळेपणाने केलेले काम, हा समज त्यामुळे खरा नाही. उलट इतका शिस्तीचा मोकळेपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

रोमन अक्षरांबद्दल थोडक्यातच सांगते. ती देवनागरीच्या अंगकाठीला शोभणारी आहेत आणि दुकानाच्या पाटीवर दोन्ही लिप्या शेजारी शेजारी लावायच्या असतील तर फार उपयोगी पडतात. मात्र नुसत्या इंग्रजी कामासाठी मी मोदक निवडणार नाही, कारण लठ्ठ गोल रोमन अक्षरे जगात पुष्कळ आहेत. देवनागरीत मात्र अशी अक्षरे दुर्मीळ आहेत.

मग छापखान्यातल्या त्या तांबड्या गोळ्यांचे कारण काय होते? शाई कागदात पसरते. गुळगुळीत आर्ट पेपरवर कमी पसरते, मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदावर अधिक, वर्तमानपत्राच्या कागदावर त्याहून अधिक, आणि सुती टी-शर्टवर स्क्रीन प्रिंटिंग करताना तर फारच. साध्या फॉन्टमध्ये या पसरण्याने रेघ किंचित जाड होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मोदकात मात्र दोन्ही बाजूंनी पसरलेली शाई मध्ये भेटते आणि अक्षराची ओळखच पुसली जाते. तेव्हापासून मी एक साधा नियम पाळते: शब्द ज्या आकारात छापायचा आहे त्या आकारात त्यातली सर्वांत बारीक फट मोजायची, आणि ती चांगल्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जात असेल तर फॉन्ट बदलायचा. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही. माझ्या चुकांतून आलेला आहे, आणि वाईट कागदावर तो वाढवावा लागतो.

याच्याच पोटात एक युक्ती लपलेली आहे. गडद पार्श्वभूमीवर कोऱ्या कागदाची पांढरी अक्षरे सोडली, तर शाई पार्श्वभूमीची असते. ती पसरते तेव्हा अक्षर किंचित रोडावते आणि फट उलट रुंद होते. म्हणजे साध्या कागदावर मोदक वापरायचाच असेल तर तो उलटा, गडदावर पांढरा वापरणे अधिक सुरक्षित असते. मात्र हाच शहाणपणा आतून दिवे लावलेल्या ग्लो साइन बोर्डावर नेला की फसगत होते. तिथे प्रकाश पसरतो, पांढरी अक्षरे रात्री फुगल्यासारखी दिसतात आणि दुपारी स्पष्ट दिसणारी फट दिवेलागणीनंतर दुरून नाहीशी होते. एका ओळखीच्या पोळी-भाजी केंद्राची पाटी करताना मला हे कळले, सुदैवाने पाटी लागायच्या आधी. शेवटी आम्ही फिकट पिवळ्या पाटीवर गडद मरून अक्षरे घेतली. तिथे प्रकाश बाजूच्या पिवळ्याचा असल्यामुळे फटही त्याच पिवळ्याने उजळते.

दुसरी चूक पाटीवाल्यांकडे आणि आमच्यासारख्या हौशी मंडळींकडे सर्रास होते, ती आउटलाइनची. आपल्याकडे अक्षराला काळी, मग पांढरी, मग सोनेरी अशी कडेवर कडे चढवण्याची सवय आहे. कोरल ड्रॉ असो की इलस्ट्रेटर, मांडणीच्या या सॉफ्टवेअरमध्ये मुळात आउटलाइन अक्षराच्या कडेवर मधोमध बसते, अर्धी बाहेर आणि अर्धी आत. चार पॉइंटांची आउटलाइन दिली की कडेच्या दोन्ही अंगांना दोन दोन पॉइंट जातात. फटीला दोन कडा असतात, म्हणजे ती चार पॉइंटांनी अरुंद होते, आणि मोदकात तेवढी जागाच नसते. कोरल ड्रॉमध्ये ‘बिहाइंड फिल’वर खूण केली तर अक्षराचा रंग आउटलाइनच्या वर येतो, परंतु बाहेर फुगलेली अर्धी आउटलाइन फटीत तरीही शिरतेच. त्यापेक्षा शब्दाची एक प्रत मागे ठेवून तिच्या फटी आणि पोकळ्या सरळ भरून टाकाव्यात, तो एकसंध आकार बाहेर फुगवावा आणि हव्या त्या रंगात मूळ अक्षरांच्या मागे ठेवावा. मग फटीतून मागचा रंग डोकावतो, आणि खरे सांगायचे तर मोदक सर्वांत देखणा असाच दिसतो: केशरी अक्षरे, मागे गडद हिरवा पसारा, आणि प्रत्येक अक्षरात तीच हिरवी रेघ. सावलीबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. मोदकाला सावली देऊ नये. ती फटीत पडते आणि आधीच मोजका असलेला उजेड गढूळ करते.

फॉन्ट निवडताना आपण शब्दाकडे फारसे पाहत नाही, पण मोदकाच्या बाबतीत आधी शब्द पाहावा लागतो. ‘आमरस’, ‘गंमत’, ‘पतंग’, ‘खाऊ’, ‘ढोल’ हे शब्द त्याला असे शोभतात की जणू त्यांच्यासाठीच तो केला असावा. थोडी अक्षरे, मोकळी वळणे आणि एखाददुसरी मात्रा एवढेच त्याला हवे असते. ‘प्राणप्रतिष्ठापना’ या शब्दात तोच फॉन्ट कासावीस होतो. फॉन्टमध्ये ‘ष्ठ’ नाही असे नव्हे. ते नीट काढलेले आहे, पण तीन मजल्यांची दाटी मोठ्या आकारातही वाचणाऱ्याला थांबवते. माझा अनुभव असा की दोन शब्दांपर्यंत मोदक हसवतो, चार शब्दांपर्यंत सहन होतो आणि पूर्ण वाक्य त्यात लावले की ते वाक्य ओरडू लागते. आकड्यांच्या बाबतीतही सांभाळावे लागते. ‘६’ आणि ‘९’ या एकमेकांच्या उलट वळणाच्या आकड्यांचे काळे इतके सारखे होते की दुरून पाहणाऱ्याची गल्लत होऊ शकते, त्यामुळे तारीख, किंमत आणि फोन नंबर मी त्यात कधीच लावत नाही.

अक्षरांमधले अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, हा आणखी एक मोह. शब्द जागेत बसवण्यासाठी अक्षरे ओढून लांब करायची किंवा एकमेकांपासून दूर सारायची, ही आपली जुनी खोड. रोमनमध्ये अक्षरे विलग केली तरी शब्द टिकतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. शिवाय मोदकातली दोन अक्षरांमधली फट आणि अक्षराच्या आतली फट यांचे एक नाते जुळवलेले आहे. बाहेरची फट वाढवली की आतली एकदम कमी वाटू लागते. शब्द मोठा होत असेल तर आकार कमी करावा किंवा दुसरा शब्द शोधावा, पण ताणू नये. आडवे ताणलेले मोदकाचे अक्षर पोळपाटावर फिसकटलेल्या मोदकासारखे दिसते.

मोदकाला वजन एकच आहे. रेग्युलर म्हणून जे काही आहे तेच लठ्ठ. बारीक नाही, मध्यम नाही, तिरपे नाही. त्यामुळे सोबतीला दुसरा फॉन्ट लागतोच, आणि सोबतीची निवड फसली की शीर्षक आणि मजकूर दोन वेगळ्या घरचे वाटतात. मी बहुतेक वेळा ‘मुक्ता’ घेते. तोही एक टाइपचाच आहे, त्याला एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वजने आहेत, आणि त्याची अक्षरे शांत, सरळ स्वभावाची असल्यामुळे मोदकाच्या आनंदात तो व्यत्यय आणत नाही. उपशीर्षकालाही थोडा गोलवा हवा असेल तर ‘बालू’ आहे. बालूची दुसरी आवृत्ती पाच वजनांत मिळते आणि मोदक जिथे हात टेकतो त्या मधल्या आकारांत ती चांगली वाचता येते. बालूच्या कुटुंबाचे एक कौतुक सांगितल्यावाचून राहवत नाही: देवनागरीचा नुसता बालू, पण गुजरातीचा बालू भाई, गुरुमुखीचा बालू पाजी, बंगालीचा बालू दा, तमिळचा बालू तंबी, तेलुगूचा बालू तम्मुडू, कन्नडचा बालू तम्मा, मल्याळमचा बालू चेट्टन आणि ओडियाचा बालू भाइना. फॉन्टच्या यादीत भाऊबंदकी इतक्या प्रेमाने मांडलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

हे सगळे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतात आणि ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे पॅकिंगवर, पाटीवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, विकायच्या वस्तूवरही कोणाची वेगळी परवानगी न घेता वापरता येतात. नुसता फॉन्टच सुटा विकायला तेवढी मनाई आहे. घरगुती चिवडा-चकली विकणाऱ्या बाईला किंवा शाळेचे हस्तलिखित सजवणाऱ्या शिक्षिकेला यामुळे काय मिळाले, हे जुन्या काळात डीटीपीच्या दुकानात बसून पाच फॉन्टांतून एक निवडलेल्यांना नीट कळेल. अडचण एवढीच की अनेक दुकानांतला मजकूर अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेला असतो. तो निवडून त्याला मोदक लावला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. आणि आपण युनिकोडमध्ये नीट केलेले काम कोरलच्या जुन्या आवृत्तीत उघडले की वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. म्हणून फाइल पाठवताना मजकूर कर्व्ह करून पाठवावा आणि कर्व्ह करण्याआधी एकदा मोठ्याने वाचावा, कारण नंतर एक अनुस्वारही दुरुस्त करता येत नाही.

मोदक कुठे वापरावा, याचे उत्तर मी आता स्वभावावरून देते. बाळाच्या बारशाची पत्रिका, उन्हाळी शिबिराचे पोस्टर, बालवाडीची भिंत, लोणच्याच्या बरणीचे लेबल, लहान मुलांच्या गोष्टीचे मुखपृष्ठ, यूट्यूबवरच्या खाद्यपदार्थांच्या चित्रफितीचा मथळा, इथे तो आपल्या घरी असतो. भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर तो कधीही नको. हे सांगायची गरज पडू नये, पण अशा फलकावर मी एकदा अशीच गोल गुबगुबीत अक्षरे पाहिली आहेत आणि फोटोतल्या आजोबांची मला क्षमा मागावीशी वाटली. सूचना, इशारे, औषधांची नावे यांसाठीही नको. हसतमुख अक्षरांत लिहिलेला ‘धोका’ कोणी मनावर घेत नाही.

आमची कार्यक्रमपत्रिका शेवटी दुरुस्त झाली. वर ‘गणपती आले’ एवढेच मोदकात ठेवले, अक्षरे पांढरी आणि पार्श्वभूमी तांबडी केली, ‘प्राणप्रतिष्ठापना’ आणि ‘महाप्रसाद’ मुक्तामध्ये उतरले, आणि आरतीच्या वेळा बालूच्या मधल्या वजनात बसल्या. काकांनी दुसरा नमुना पाठवला तेव्हा सोबत निरोप होता, “आता पांढरं मोकळं झालं.” पत्रिका सगळ्यांना आवडली, इतकी की अनंत चतुर्दशीनंतर चारच दिवसांनी सेक्रेटरीकाकांचा मला फोन आला. नोटीस बोर्डावर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी लावायची आहे, तीही त्या गणपतीच्या गोड अक्षरांत करून मिळेल का, म्हणजे कोणाला राग येणार नाही, असे ते म्हणाले. मी त्यांना ती मुक्ता रेग्युलरमध्ये, १४ पॉइंटांत करून पाठवली.